वीज गेली तर पहिलं पाणी कुणाला?



आजचा विषय विजेचा आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसांनी विजेवर काय बोलायचं, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. विजेचं शास्त्र सांगायला अभियंते आहेत, आणि ते आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. पण वीज आठ दिवस, पंधरा दिवस, महिनाभर आलीच नाही तर काय होईल, असं विचारलं की अभियांत्रिकी अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. जे थोडं उरलं आहे ते आधी कुणाला द्यायचं आणि हे ठरवायचं कुणी, हा उरलेला अर्धा प्रश्न न्यायाचा आहे. आज त्या दुसऱ्या अर्ध्यापर्यंत आपल्याला पोचायचंय.

उदाहरणासाठी आम्ही सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडले आहेत. महाराष्ट्राची वीज आणि कृष्णेचं पाणी इथे एकमेकांत इतकं गुंतलेलं आहे की या दोन जिल्ह्यांकडे नीट पाहिलं, तर सगळ्या आधुनिक समाजाची अडचण समजते.

दोन दिशांना जाणारं पाणी

पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. नदीचा नैसर्गिक उतार पूर्वेकडे. पण या जलाशयातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला नेलं जातं, चिपळूण तालुक्यात पोफळीच्या बाजूला खाली सोडलं जातं, त्यावर वीज तयार होते आणि शेवटी ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कोयनेचे सगळे टप्पे धरले तर वीजनिर्मितीची क्षमता साडेएकोणीसशे मेगावॉटच्या आसपास जाते. पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

उरलेलं पाणी पूर्वेला येतं. पायथ्याच्या छोट्या वीजगृहातून, सांडव्यावरून कोयना नदीत, तिथून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत आणि मग सांगलीला. उन्हाळ्यात सांगलीच्या कृष्णेला पाणी दिसतं ते मुख्यतः वरून सोडलं म्हणून. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी वीज आधी की सांगलीचं पाणी आधी, यावरून वाद होतात, ते आपण वर्तमानपत्रात वाचलेले आहेत.

आता पुढची गंमत बघा. पूर्वेला आलेलं पाणी नदीत असतं, पण माणसं आणि शेतं वर असतात. म्हणून कराड तालुक्यात टेंभू, वाळवा तालुक्यात ताकारी, मिरज तालुक्यात म्हैसाळ अशा उपसा सिंचन योजना झाल्या. टप्प्याटप्प्याने पाणी उचलत उचलत ते आटपाडी, कवठे महांकाळ, जत अशा दुष्काळी तालुक्यांपर्यंत नेलं जातं. हे सगळं पंपांवर, म्हणजे विजेवर. विजेचं बिल थकलं की पंप थांबतात, आणि पंप थांबले की जतचा शेतकरी कालव्याच्या कोरड्या तळाकडे बघत बसतो.

म्हणजे पश्चिमेला गेलेल्या पाण्याची वीज होते, आणि पूर्वेला गेलेलं पाणी विजेशिवाय नदीतून वर येत नाही. तेव्हा या भागात वीज जाण्याचा पहिला अर्थ अंधार नाहीच. पहिला अर्थ आहे तहान. एवढं धरून पुढे जाऊ.

ग्रीड एवढं नाजूक का?

वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं अजूनही अवघड आहे. या क्षणी देशात जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल किती नीट आहे हे वारंवारितेवरून कळतं. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की वारंवारिता घसरते. बैलगाडी चढाला लागल्यावर बैलांची चाल मंदावते, तसंच. फारच घसरली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप ग्रीडपासून तुटतात. एक केंद्र तुटलं की त्याचा भार बाकीच्यांवर, मग दुसरं तुटतं, मग तिसरं.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला हेच झालं. बिना ते ग्वाल्हेर या वाहिनीपासून सुरू झालेल्या घसरगुंडीत पहिल्या दिवशी उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन. साठ कोटींच्या आसपास माणसं त्या भागात राहत होती. आपण, म्हणजे पश्चिम विभाग, वाचलो. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं ग्रीडही जोडलं गेलं आणि सगळ्या देशाची वारंवारिता एक झाली. यात फायदा मोठा आहे, एका प्रदेशाची तूट दुसरा भरून काढतो. आणि धोकाही त्याच जोडणीत आहे.

अशी पडझड साधारणपणे काही तासांत सावरते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, पण वीज टप्प्याटप्प्याने त्याच दिवशी परत आली. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक सगळं पूर्ववत झालं. इथे यंत्रणा पडली होती, मोडली नव्हती.

लांबलेला अंधार येतो तो यंत्रणा मोडते तेव्हा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. हजारो खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, पलीकडे मंडणगड, दापोली या भागांतल्या काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. इतर जिल्ह्यांतून वायरमन मंडळी आली, तेव्हा खांब उभे राहिले. पोर्तो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं आणि सगळ्या बेटाची वीज गेली. शेवटच्या घरांपर्यंत ती पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. तिथल्या सरकारने नंतर मृतांचा आकडा २,९७५ असा स्वीकारला. यातले फार थोडे वादळात मेले. बाकीचे पुढच्या महिन्यांत, उपचार मिळाले नाहीत म्हणून, औषध टिकलं नाही म्हणून, आणि त्यांत गरीब वस्त्यांतले आणि वृद्ध जास्त होते.

आपल्या दोन जिल्ह्यांना दोन्ही प्रकारची ओळख आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली, धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले. पोफळीची यंत्रं थांबली आणि थेट मुंबईपर्यंत वीज खंडित झाली. पाटण तालुक्यातल्या एका धक्क्याने मुंबईतल्या गिरण्यांचं चाक थांबतं, हे महाराष्ट्राने त्या पहाटे पाहिलं. आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. वीज उपकेंद्रं पाण्यात गेली, पाणीपुरवठा बंद पडला, मोबाईल मुके झाले. चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही, ही अवस्था सांगलीने काही दिवस भोगली. तेव्हा बाहेरून मदत येऊ शकली, कारण बाहेर वीज होती. बाहेरही नसती तर? आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं आहे.

पहिला तास ते पंधरावा दिवस

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. हातोडा नीट चालतो तोवर आपलं त्याच्याकडे लक्षच नसतं, आपलं लक्ष खिळ्यावर असतं. हातोडा मोडला की मग तो आपल्याला दिसतो. वीजही मोडल्यावरच दिसते. चला, तिला क्रमाने दिसू द्या.

पहिल्या तासात फारसं काही होत नाही. इन्व्हर्टर आहेत, लोक गॅलरीत येतात. लोडशेडिंगची वर्षं अंगवळणी पडलेला आपला समाज आहे. गावाकडे तर शेतीपंपाला दिवसा किती तास आणि रात्री किती तास, याचं वेळापत्रक लोक पाठ म्हणून दाखवतात. एका परीने ग्रामीण माणसाची अर्धी तालीम झालेली आहे. शहरातल्याची नाही.

पहिल्या दिवसाच्या शेवटी मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या संपू लागतात. त्याबरोबर फोन जातो, यूपीआय जातं, एटीएम जातं. खिशात रोख नसलेला माणूस, बँकेत कितीही पैसा असो, दुकानासमोर रिकाम्या हाताने उभा राहतो. दूध संकलन केंद्रांवर दूध येतच राहतं, कारण म्हशीला ग्रीड ठाऊक नाही. पण ते थंड ठेवणारी यंत्रं जनरेटरवर, आणि जनरेटर डिझेलवर. डिझेल पंपाच्या टाकीतून वर काढायलाही वीजच लागते.

तिसऱ्या दिवशी शहराच्या उंच टाक्या कोरड्या. इथे थोडं गणित करू. आपत्तीच्या काळात माणसाला पिणं, स्वयंपाक, जेमतेम स्वच्छता यासाठी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं, असं आंतरराष्ट्रीय मदतकार्यात धरतात. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. पाच लाखच धरली तरी दिवसाला ७५ लाख लिटर होतात. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज साडेसातशे खेपा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं ते आपल्याला आठवत असेल. ५० वाघिणींच्या त्या गाडीत साधारण २५ लाख लिटर मावायचे. सांगलीला अशा तीन गाड्या रोज लागतील. आणि लातूरसाठी गाडी भरता आली, कारण मिरजेत पंप चालू होते.

पहिल्या आठवड्यात रुग्णालयं येतात. मिरज हे वैद्यकीय गाव, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. जनरेटर सगळीकडे आहेत, पण ते तासांसाठी घेतलेले, आठवड्यांसाठी नव्हेत. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा यंत्रावर असतो. त्याला थांबा म्हणता येत नाही. घरी ऑक्सिजन यंत्रावर असलेली आजी कुठल्याच यादीत नसते.

पंधराव्या दिवसापर्यंत तासगावच्या शीतगृहांतला बेदाणा, लसी, इन्सुलिन. आणि या सगळ्याच्या खाली एक मोठी गोष्ट आहे. आपण मागे जाऊ शकत नाही. पूर्वीचे लोक विजेशिवाय राहतच होते की, असं कुणी म्हणालं, तर त्यांना विचारा, मोटेला बैल कुठे आहेत? भूजल इतकं खोल गेलं आहे की मोट पोचेल का? जातं आहे, पण घरातल्या पाच माणसांचं रोज कोण दळणार? हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली कोठारं, वर्षानुवर्षं हळद टिकायची, विजेचा एक युनिट न लागता. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच गेली आणि हळद गोदामांत, शीतगृहांत आली. एक कसब असं एकदा गेलं की गरज पडली म्हणून परत येत नाही.

छपरावर सूर्य, पठारावर वारा, तरी अंधार

इथे श्रोते हमखास म्हणतात, आमच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, आम्हाला काय भीती? तर, ग्रीडला जोडलेली आणि बॅटरी नसलेली सौर यंत्रणा ग्रीड गेलं की आपोआप बंद होते. मुद्दाम तशी केलेली असते, नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला तिचाच धक्का बसेल. साताऱ्याच्या पठारांवर, वनकुसवडे आणि चाळकेवाडीला, पवनचक्क्यांची रांग आहे. वारा असतो, पाती असतात, पण त्याही ग्रीडच्या तालावर चालणाऱ्या. ग्रीड नाही तर त्या उभ्या, आणि खालच्या गावात अंधार.

म्हणजे ऊर्जा आहे, पण ती एकट्याने उभी राहायला शिकलेली नाही. एकट्याने उभं राहू शकणाऱ्या गोष्टीही आहेत. ग्रीडशिवायचे सौर कृषिपंप. गळिताच्या हंगामात उसाच्या चिपाडावर स्वतःची वीज करणारे साखर कारखाने. कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात ते आहेत. आणि कोयना.

कोयना का, ते समजून घेऊ, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. औष्णिक केंद्र सुरू करायलाच बरीच वीज लागते. पाणी ढकलणारे पंप, हवेचे पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या. ग्रीड पूर्ण मेलं असेल तर ही वीज आणायची कुठून? जलविद्युत केंद्राला सुरुवातीला फार थोडी लागते. बॅटरी आणि छोटा जनरेटर असला की झडपा उघडतात, पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि चाक फिरू लागतं. अभियंते याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. महाराष्ट्रात हे करू शकणारं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र कोयनेचं.

पण ते सुरू झालं की लगेच मुंबई उजळते असं नाही. आधी एक छोटा भाग जोडतात. थोडी निर्मिती, थोडीच मागणी, तोल सांभाळत. या तुकड्याला ते बेट म्हणतात. मग त्या बेटावरून एखाद्या औष्णिक केंद्राला सुरुवातीची वीज देतात. दुसरीकडे दुसरं बेट उभं राहतं. दोन बेटांची वारंवारिता जुळली की मगच ती जोडायची, घाई केली तर दोन्ही बुडतात. आणि प्रत्येक पायरीवर कुणाला आधी जोडायचं याचा क्रम आधीच लिहून ठेवलेला असतो. त्या घटकेला सभा घेत बसायला वेळ नसतो.

समाजाची बेटं

आमचं म्हणणं एवढंच आहे की समाजालाही असाच ब्लॅक स्टार्ट लागतो. लांबलेल्या अंधारात वरून, मंत्रालयातून, सगळं एकदम सुरू होणार नाही. आधी छोटी बेटं उभी राहतील. एक गाव, एक वॉर्ड, एक दूध संस्था. ती स्वतःच्या बळावर तोल सांभाळतील आणि मग एकमेकांना जोडली जातील. म्हणून लांबलेल्या अंधारात समाज टिकेल की नाही, हे जनरेटर किती आहेत यापेक्षा बेटांकडे क्रम लिहिलेला आहे की नाही यावर ठरेल.

या मातीला असं स्वतः उभं राहण्याची आठवण आहे. १९४३ ते १९४६ या काळात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालवलं. गावोगाव न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती. वरची सत्ता नाकारूनही गावाचा कारभार चालू शकतो, हे लोकांनी पाहिलं.

पण आम्ही इथे एक इशारा देऊ इच्छितो, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. बेट छोटं असलं म्हणून ते न्यायी असतं असं नाही. प्रतिसरकार लोकांच्या तोंडी पत्री सरकार झालं, आणि त्या नावाला त्याच्या कडक शिक्षांची धास्तीही चिकटली. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे गावातलं पाणी. गाव एक आहे असं आपण म्हणतो, पण गावच्या विहिरीवर सगळ्यांना हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन गेले, ते ओंजळभर पाण्यावरचा हक्क सांगण्यासाठी. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ मध्ये व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं सांभाळत होते, आणि सिंचनाचे, विजेचे प्रश्न त्याच खात्याकडे होते. देशासाठी विजेच्या मोठ्या, मध्यवर्ती आखणीचा त्यांनी आग्रह धरला. नळाला पाणी आलं की ते जात विचारत नाही, खांबावरची तार कुणाच्या घराला शिवू नये असं म्हणत नाही. मोठ्या यंत्रणेचा हा एक मोठा गुण आहे. ती अनोळखी असते, म्हणून निःपक्षपाती असू शकते. ती गेली की आपण पुन्हा ओळखीच्या माणसांच्या हाती सापडतो. ज्याच्या मळ्यात सौरपंप, त्याच्या दारात रांग. त्या रांगेत पहिलं कोण?

न कळणाऱ्या जागेवरून ठरवायचं

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात एक विचारप्रयोग मांडला. समजा, समाजाचे नियम आपल्याला ठरवायचे आहेत, पण त्या समाजात आपण कोण असणार हे आपल्याला ठाऊक नाही. श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, काही माहीत नाही. अशा अज्ञानाच्या पडद्याआड बसून जे नियम आपण करू, ते न्याय्य असतील. कारण सर्वांत वाईट जागा आपल्याच वाट्याला येऊ शकते, हे भान प्रत्येकाला असेल.

वर्गात हा प्रयोग सांगितला की विद्यार्थी म्हणायचे, असा पडदा प्रत्यक्षात कुठे असतो? आम्हाला वाटतं, आज तो आपल्यापुढे आहे. आज वीज चालू आहे. पुढचा लांबलेला अंधार येईल तेव्हा कोण डायलिसिसवर असेल, कुणाच्या घरात दहा दिवसांचं बाळ असेल, कुणाचा बोअर आटलेला असेल, हे आज कुणालाच माहीत नाही. म्हणून क्रम आज ठरवला तर तो न्यायाच्या जवळ जाईल. अंधार पडल्यावर पडदा उठलेला असतो. मग ज्याच्याकडे पंप आहे तो पंपवाल्याच्या बाजूने बोलतो आणि ज्याच्याकडे नाही त्याचा आवाज कुणी ऐकत नाही.

मग ठरवायचं काय? ग्रामसभेपुढे किंवा वॉर्डाच्या बैठकीत ठेवता येतील असे पाच प्रश्न आम्ही मांडतो.

पहिला, पाणी. तीन हजार वस्तीच्या गावाला माणशी १५ लिटरने दिवसाला ४५ हजार लिटर लागतील. विहीर फार खोल नसेल तर पाच अश्वशक्तीचा एक सौरपंप स्वच्छ उन्हात एवढं पाणी काढू शकतो. म्हणजे गावाला हे अशक्य नाही. पण कुठला पंप, कुणाच्या शेतातला, आणि त्या काळात त्याच्या पिकाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे आधी लिहावं लागेल. पंपवाल्याच्या दानतीवर गावाची तहान सोडणं हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे.

दुसरा, यंत्रावर जगणारी माणसं. आशाताईंना घरन् घर माहीत असतं. डायलिसिस, ऑक्सिजन, इन्सुलिन यांची यादी त्यांच्या वहीत असावी, ती दर सहा महिन्यांनी तपासावी आणि त्या माणसांना कुठे न्यायचं तेही ठरलेलं असावं.

तिसरा, डिझेल. गावातलं डिझेल त्या दिवसापुरतं सामायिक मानायचं का? मानलं तर आधी पाण्याचा पंप, मग दवाखाना, मग पिठाची गिरणी, मग दूध, असा काहीतरी क्रम लागेल. आमचा क्रम चुकीचा वाटला तर बदला, पण क्रम असू द्या.

चौथा, पैसा. रोख संपेल. किराणा दुकानदाराची उधारीची वही हे आपल्याकडचं जुनं आणि चांगलं साधन. पण वही विश्वासावर चालते, आणि भूमिहीन, बाहेरून आलेले ऊसतोड मजूर यांचं खातं कुठल्याच वहीत नसतं. त्यांच्या उधारीला जामीन कोण? ग्रामपंचायत राहील का?

पाचवा, बातमी. फोन नसला की अफवा चालते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, चावडीवर, आज किती पाणी, किती डिझेल, कुणाला दिलं, हे मोठ्याने वाचून दाखवायचं. हा पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण पहिल्या चारांत अन्याय झाला तर तो इथे ऐकू येईल. हिशेब उघडा असला की छोट्या बेटाला मोठ्या यंत्रणेतला तो अनोळखी निःपक्षपातीपणा थोडा तरी मिळतो.

शहरासाठी हे अवघड आहे, हे आम्हाला कळतं. साडेसातशे टँकरचं गणित एखाद्या वॉर्डाच्या बैठकीत सुटणार नाही. तिथे महापालिकेलाच आधी ठरवावं लागेल की कोयना जागी होऊन पहिली थोडी वीज सांगलीपर्यंत आली, तर ती नदीकाठच्या पाणी उपसा केंद्राला द्यायची, रुग्णालयांना द्यायची, की कारखान्यांना. त्याच वेळी राज्यापुढे त्याहून अवघड प्रश्न असेल. कोयनेत उरलेलं पाणी पश्चिमेला सोडून मुंबईसाठी वीज करायची, की पूर्वेला सोडून सांगलीची नदी वाहती ठेवायची? दोन्हीकडे माणसंच आहेत. असा प्रश्न अंधारात, घाईत, ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटू नये, एवढीच आपली मागणी असली पाहिजे.

व्याख्यान ऐकणाऱ्यांना शेवटी एक काम देतो. या आठवड्यात आपापल्या गावात किंवा गल्लीत तीन गोष्टी विचारून बघा. वीज नसताना चालणारा पंप कुठे आहे, यंत्रावर जगणारी माणसं किती आहेत, आणि या दोन्हींची नोंद कुणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर ती वही तुम्हीच सुरू करा.

आपण इथे थांबू.